रुमालातून क्लाउडमध्ये : शहापूर-मुरबाडच्या जमीननोंदींची स्थलांतरे

संगणकाच्या मेमरीत, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या वेगवान स्मृतीत, राहणारा डेटाबेस एका क्लाउड कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे हलविणे हे आजच्या अभियंत्यांच्या व्यवसायातले नित्याचे, तरीही धास्तीचे काम मानले जाते. चालू व्यवहार फारसा न थांबवता नोंदींचा साठा एका राखणदाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचा प्रश्न मात्र संगणकाहून बराच जुना आहे, आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या जमीननोंदींनी गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांत हा प्रश्न अनेकदा अनुभवला आहे. रयतेच्या तोंडी असलेली वहिवाट मोजणीच्या कागदावर आली, कागद मोडीतून बाळबोधीत गेला, वतनदाराच्या घरातून तलाठ्याच्या दप्तरात, दप्तरातून तहसील कार्यालयातील संगणकावर आणि तेथून राज्य पातळीवरच्या सर्व्हरवर पोहोचला. या प्रत्येक टप्प्यावर लिहिलेली नोंद बहुतांशी सुखरूप पोहोचली. जे राखणदाराच्या किंवा गावाच्या स्मरणातच होते आणि कधी लिहिले गेलेच नव्हते, ते मागे राहिले, आणि त्याची किंमत ज्यांचा हक्क केवळ स्मरणावर उभा होता त्यांनी मोजली.

मुरबाड तालुक्याच्या पूर्व कडेला, जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात, सातवाहन राजघराण्याचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. ती नोंद दगडात असल्याने तिला कधी हलवावे लागले नाही. घाटाच्या पायथ्याशी पुढील दोन हजार वर्षे ज्यांनी भात पिकवला त्यांच्या जमिनीची नोंद मात्र एवढी स्थिर कधीच नव्हती.

शहापूर तालुक्याचा प्रदेश पूर्वी कोळवण या नावाने ओळखला जाई आणि ब्रिटिश अमदानीत मोखाडा हा पेटाही त्याच तालुक्यात मोडत असे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख भातसा, काळू, शाई या नद्यांच्या खोऱ्यांनी चिरलेला आहे. खोऱ्यातल्या बांधबंदिस्तीच्या खाचरांत भात आणि उतारांवरच्या हलक्या, वरकस म्हटल्या जाणाऱ्या जमिनीत नाचणी-वरई ही येथील शेतीची मूळ घडण होय. वरकस जमिनीतूनच भाताच्या रोपांसाठी भाजावयाच्या राबाचा पालापाचोळाही येई. कुणबी व आगरी यांच्या गावांना महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आणि वारली यांच्या वाड्या-पाड्यांचे वेढे असत. मोजणीपूर्व काळात उत्तर कोकणात अनेक ठिकाणी सारा क्षेत्रावर ठरत नसे. जमीन न मोजता धान्याच्या मुड्यांत किंवा ठोक रकमेत तो ठरविला जाई आणि त्यास मुडेबंदी, हुंडाबंदी अशी नावे होती; जंगलपट्टीत तो नांगरामागे आकारला जाई. अशा पद्धतीत सरकारदरबारी फक्त आकडा पोहोचे, आणि कोणते खाचर कोणाचे, बांध कोठे वळतो, वरकसाचा कोणता तुकडा कोणत्या खाचराला जोडलेला आहे, ही सगळी माहिती पाटील, म्हातारे कुणबी आणि पाड्यांवरचे जाणते यांच्या डोक्यात राही. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर संपूर्ण साठा मेमरीत होता आणि डिस्कवर केवळ बेरीज होती. हा साठा वापरास अतिशय चपळ होता, कारण वाद उपस्थित होताच चार माणसे बांधावर उभी राहून निकाल देत. परंतु पटकीची एक साथ किंवा दुष्काळाचे एक वर्ष त्यातील मोठा भाग पुसून टाकू शके.

हा साठा प्रथम कागदावर उतरविण्याचे काम मुंबई इलाख्याच्या महसूल मोजणीने केले. प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याची पुण्याकडील मोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून नवी पद्धत सुरू केली, आणि १८४७ मध्ये विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने तिचे नियम बांधले गेले. उत्तर कोकणात ही मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत फिरली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला क्षेत्र व आकार, आणि गावाच्या सर्व नंबरांचा एकत्रित आकारबंद असा नवा साठा तयार झाला. हे पहिले स्थलांतर होते आणि त्याची मर्यादा त्याच्या हेतूतच होती: सारा कोण भरील एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. जो सारा भरतो तो खातेदार ठरला. त्याच्या हाताखाली अर्धेलीने किंवा खंडाने प्रत्यक्ष शेत कसणारा, विधवेचा पोटगीचा हक्क, दोन भावांपैकी धाकट्याचा हिस्सा, गहाणदाराचा ताबा यांपैकी कशालाही त्या कागदात रकाना नव्हता. १८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि लाकूड व भात यांना मुंबईची बाजारपेठ खुली झाली, तेव्हा या रिकाम्या जागांचा लाभ कोणाला झाला हे सांगावयास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. खते, गहाणे आणि सावकारी कागद वाढत गेले, तर सरकारी पुस्तकात खातेदाराचे जुनेच नाव वर्षानुवर्षे टिकून राहिले.

या दोषावर उपाय म्हणून मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये हक्कनोंदीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये त्याच्या तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल संहितेत सामावून घेण्यात आल्या. पुढे अँडरसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महसुली हिशेबाच्या पुस्तकाने गावपातळीवरचे नमुने पक्के केले. त्यांपैकी गाव नमुना सात हे अधिकारपत्रक, म्हणजे जमीन कोणाची व तिच्यावर कोणाचे काय हक्क आहेत याचे पत्रक, आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही; दोन्ही एकाच कागदावर आल्याने सातबारा हा शब्द रूढ झाला. या पद्धतीचे खरे मर्म मात्र गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे, आणि सामान्य खातेदाराला सातबारा तोंडपाठ असला तरी फेरफाराकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते.

फेरफार नोंदवहीची रचना पाहण्यासारखी आहे. विक्री, वारसा, वाटप, कर्जाचा बोजा, कोर्टाचा हुकूम अशा कोणत्याही कारणाने हक्क बदलला की त्याची नोंद गावच्या अनुक्रमाने पुढचा आकडा घेऊन या वहीत लिहिली जाते. ती लिहिल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबारावर दिला जातो. हस्तलिखिताच्या काळात नोंद प्रमाणित होईपर्यंत तलाठी सातबारावर तिचा उल्लेख पेन्सिलीने करीत आणि प्रमाणित झाल्यावर शाईने पक्का करीत. जुन्या धारकाचे नाव खोडले जात नसे. त्याला कंस केला जाई आणि नव्या नावाच्या बाजूला फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. सातबाराचे पुस्तक साधारण दहा वर्षे चाले. त्यानंतर कंसातली नावे वगळून चालू स्थिती नव्या पुस्तकात उतरविली जाई, त्याला पुनर्लेखन म्हणत. फेरफाराची वही मात्र कायम जपली जाई. डेटाबेसच्या शास्त्रात बदलांची जी क्रमवार, केवळ पुढे वाढत जाणारी यादी लॉग म्हणून ओळखली जाते आणि एखाद्या क्षणीच्या स्थितीचे जे चित्र स्नॅपशॉट म्हणून ओळखले जाते, त्या दोहोंची वाटणी या महसुली नमुन्यांत विजेवर चालणाऱ्या संगणकांच्या कितीतरी आधी पूर्णपणे केलेली आढळते. चित्र बिघडले तर लॉगवरून ते पुन्हा उभे करता यावे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. इंग्रज महसूल अधिकाऱ्यांना इतर दोष पुष्कळ देता येतील, पण ही रचना त्यांनी उत्तम केली असे म्हणणे भाग आहे.

तरीही पुनर्लेखनाचा प्रत्येक प्रसंग हे एक छोटे स्थलांतरच होते, आणि त्यात गळती होई. सातबारावर कित्येक नावांपुढे ए.कु.मॅ. अशी अक्षरे असत. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे ही जमीन त्या एकट्याची नसून भावाभावांची आहे आणि तो केवळ कर्ता म्हणून नोंदला आहे. अज्ञान वारसाच्या नावासोबत अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहिले जाई. नव्या पुस्तकात उतरविताना ए.कु.मॅ. ही तीन अक्षरे सुटली की भावांचा हिस्सा कागदावरून नाहीसा होई, आणि जोवर जुना तलाठी व गावातली जुनी माणसे हयात असत तोवर कोणाला त्याचा पत्ताही लागत नसे, कारण वहिवाट त्यांच्या स्मरणावर सुरळीत चाललेली असे. मेट्रिक पद्धत आल्यावर एकर, गुंठे व आणे यांचे हेक्टर-आरमध्ये रूपांतर झाले आणि अपूर्णांकांच्या फेऱ्यात हिश्श्यांच्या बेरजा मूळ क्षेत्राशी जुळेनाशा झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रभर आढळतात. मोडी लिपी विसाव्या शतकात सरकारी लेखनातून मागे पडली तेव्हा जुन्या नोंदी नाहीशा झाल्या नाहीत, पण त्या वाचणारी माणसे विरळ झाली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरच्या अभिलेख कक्षांतले मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडविण्यासाठी मोडीवाचकांची शोधाशोध करावी लागली, हे याचे ताजे प्रमाण होय.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत दप्तराचे राखणदार आणि दप्तरातला मजकूर दोन्ही बदलले. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, १९६० च्या दशकाच्या आरंभी मुलकी पाटीलकीचे वतनही गेले, आणि गावाचे दप्तर सर्वस्वी पगारी, बदलीस पात्र अशा तलाठ्याकडे आले. वतनदाराच्या पिढीजात अरेरावीतून गाव सुटले, ही गोष्ट निर्विवाद चांगली झाली. तिच्या जोडीने दप्तराचा अर्थ लावणारी पिढीजात स्मृतीही गेली, हे तिचे मोल होते. त्याच सुमारास १९४८ च्या कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ज्यांचे नाव कूळ म्हणून पुस्तकात होते त्यांना हा कायदा लागू करणे सोपे गेले. ज्यांचे कूळपण केवळ तोंडी कराराचे होते, आणि डोंगरपट्टीतील आदिवासींत असे पुष्कळ होते, त्यांना आपण कसत असल्याचे सिद्ध करावे लागले, आणि सिद्ध करण्यासाठी पुन्हा कागदच हवा होता. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा कायदा यांच्यामुळे सातबाराच्या इतर हक्क या रकान्याला नवे महत्त्व आले. शहापूर-मुरबाडचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा प्रसंगी शासनाच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. व्यवहारात या संरक्षणाचे दर्शन बहुधा त्या रकान्यातील एका ओळीत होते. ती ओळ नजरेआड झाली तर कायदा संपत नाही, परंतु खरेदीदाराला आणि नोंदणी कार्यालयाला अडविणारे काही समोर उरत नाही.

पुस्तकाबाहेर राहिलेल्यांचा इतिहास वनखात्याच्या हद्दीत शोधावा लागतो. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत वरकस, राब आणि जंगलातील लागवड यांवर निर्बंध आले आणि असंतोष एवढा वाढला की त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. पुढे वनजमिनीचे तुकडे एका वर्षाच्या कराराने लागवडीस देण्याची पद्धत रूढ झाली, त्यांना एकसाली प्लॉट म्हणत. दरवर्षी नव्याने दिला जाणारा तुकडा तेच कुटुंब दोन-दोन पिढ्या कसत असले तरी कागदाच्या दृष्टीने त्याचे आयुष्य वर्षाचेच होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या आदिवासींना हक्काचा दावा करण्याची वाट दिली. या कायद्याच्या नियमांतील तेराव्या नियमात ग्राह्य पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन हाही पुरावा मानला आहे. मोजणी आल्यापासून दीड शतक कागदाने ज्या स्मरणाला बाजूला सारले, त्या स्मरणाला कायद्याने पुन्हा साठ्याचा दर्जा दिला, ही या संबंध इतिहासातली सर्वांत मोठी उलटापालट म्हणावी लागेल. स्थानिक संघटनांनी पाड्यापाड्यांवर दावे भरून घेण्याचे काम केले नसते तर हा नियम पुस्तकातच राहिला असता.

संगणकीकरणाची सुरुवात केंद्र सरकारच्या योजनेने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत झाली आणि महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला गेला. ठाण्यासह इतर जिल्ह्यांत हे काम नंतर पसरले. हस्तलिखित सातबारा समोर ठेवून माहिती भरणारा चालक बहुधा गावाला अपरिचित असे. वाघ, मुकणे, हिलम अशी आडनावे एका पाड्यावर दहा घरांना सारखीच असतात आणि नावेही पुन्हा पुन्हा येतात. तेथे बापाचे नाव किंवा पाड्याचे नाव गाळले की दोन माणसांचा एक माणूस होतो. आधीच्या काळातील मराठी अक्षरांची संकेतनपद्धती नंतर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या जागतिक संकेतनात, बदलावी लागली. २००८ मध्ये केंद्राच्या जुन्या योजना एकत्र होऊन भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, राज्यात ई-फेरफार प्रणाली आली, आणि तालुक्यातालुक्यांतल्या संगणकांवरचे साठे राज्य पातळीवर एकत्र झाले. यापूर्वी संगणक हा छापखाना होता, उतारा काढण्याचे साधन होता. ई-फेरफारानंतर बदलाची नोंदच संगणकात जन्म घेऊ लागली आणि वही बंद झाली. खरे स्थलांतर त्या दिवशी झाले.

या सुमारास जुना व नवा साठा ताडून पाहण्याचे जे काम झाले ते विशेष नोंद घेण्याजोगे आहे. एडिट व पुढे री-एडिट या नावाच्या सुविधांतून तलाठ्यांनी प्रत्येक सातबारा हस्तलिखिताशी मिळवून दुरुस्त करावयाचा आणि तसे घोषणापत्र द्यावयाचे होते. ज्या चुका मूळ लेखनातल्या नसून उतरविताना झालेल्या होत्या, त्यांच्यासाठी संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचे आदेश घ्यावे लागत. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातून काढलेले उतारे गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि ऐकणाऱ्यांनी चुका सांगाव्यात अशी अपेक्षा होती. लक्षावधी खात्यांचा साठा तपासण्यासाठी शेवटी गावाच्या स्मरणालाच साक्षीला बोलवावे लागले, यातच पूर्वीच्या सर्व स्थलांतरांचा धडा आला. ज्यांनी शहापूरच्या वा मुरबाडच्या डोंगरकडेचे पाडे पाहिले आहेत त्यांना हेही कळेल की कामासाठी वीटभट्टीवर गेलेल्या कातकऱ्याच्या कानी ते वाचन पडण्याची शक्यता फार नव्हती. वीटभट्टीचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, आणि शहापूर व मुरबाड ठाण्यातच राहिले. कागदाच्या काळात जिल्हा बदलणे म्हणजे रुमालांच्या गाड्या हलविणे. संगणकात त्याचा अर्थ संकेतांकांचे फेरवाटप एवढाच उरला. पुढची पायरी डिजिटल स्वाक्षरीची. १ मे २०१८ पासून स्वाक्षरीसह सातबारा घरबसल्या मिळू लागला. २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला आणि कंसाच्या जागी कमी झालेल्या नावावर आडवी रेष आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून गाव नमुना बाराची पीकनोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याचे पदनामही २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले.

सरकारी साठे क्लाउडकडे वळले ते २०१० च्या दशकात. क्लाउड म्हणजे स्वतःची यंत्रे न बाळगता दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील गणनशक्ती व साठवण गरजेपुरती भाड्याने घेणे. केंद्राच्या मेघराज उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउडविषयी धोरण जाहीर केले. आणि २०१५ ते २०१७ या काळात मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन व गूगल या तिन्ही कंपन्यांची केंद्रे मुंबई-पुणे परिसरात उभी राहिली. पैशाच्या व्यवहारांतही मुरबाड तालुक्याने या काळात एक प्रयोग पाहिला: नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. बाजारपेठेतल्या दुकानदाराची उधारीची वही आणि गल्ल्यातला हिशेब दूरच्या यंत्रावर सोपविण्याचा तो प्रयत्न होता, आणि दूरध्वनीजालाची रेंज गेली की तो थांबे.

क्लाउडवरील ज्या सेवा एकाच वेळी पुष्कळ लोक वापरतात, अशा गर्दीच्या सेवांत मेमरीतील डेटाबेसला स्थान मिळते. फिरत्या डिस्कवरून एक नोंद शोधण्यास काही मिलिसेकंद लागतात, मेमरीतून ती सेकंदाच्या काही कोट्यंशात मिळते. म्हणून वारंवार लागणारी माहिती, प्रवेश केलेल्या व्यक्तीची ओळख, एकदाच वापरावयाचा संकेतांक, रांगेतील क्रम या गोष्टी मेमरीत ठेवल्या जातात. २००९ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने बनविलेले रेडिस हे या जातीचे सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर. मार्च २०२४ मध्ये त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही वेगळी शाखा निघाली, आणि दर, परवाना किंवा माहिती देशातच ठेवण्याचे नियम यांपैकी एखाद्या कारणाने साठा हलविण्याचा विचार अनेक संस्थांना करावा लागला. जमिनीच्या अधिकारपत्रकाचा मूळ साठा अशा अस्थिर स्मृतीत ठेवावयाचा नसतो, तो डिस्कवरच असावा लागतो, आणि ही सीमा आखणे हाच रचनाकाराचा पहिला निर्णय होय.

असा साठा हलविताना प्रथम चालू स्थितीचे चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, घेतले जाते. ते घेत असताना जुन्या यंत्राला अधिक मेमरी लागते आणि ती नसेल तर यंत्रच कोसळू शकते. चित्र नव्या ठिकाणी उतरेपर्यंत जुन्या ठिकाणी बदल चालूच असतात. म्हणून बदलांचा लॉग सतत पाठविला जातो किंवा प्रत्येक नवी नोंद दोन्हीकडे लिहिली जाते. प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्राला लॉग थेट पुरविण्याची मुभा अनेक क्लाउड कंपन्या देत नाहीत, तेव्हा दुहेरी लेखन हाच मार्ग उरतो. मग दोन्ही साठ्यांची मोजदाद, अल्पकाळ लेखनबंदी, आणि सेवेचा पत्ता नव्या यंत्राकडे वळविणे. मेमरीतील अनेक नोंदींना मुदत असते आणि ती संपली की त्या आपोआप नाहीशा होतात. ही उरलेली मुदत सोबत न नेल्यास काही नोंदी अकाली मरतात, तर काही अमर होतात. जुने यंत्र काही काळ चालू ठेवणे हा शहाणपणाचा भाग मानला जातो, कारण परतीची वाट त्यावरूनच असते.

हा क्रम आणि १९०३ पासूनच्या महसुली नमुन्यांचा क्रम शेजारी ठेवला तर साम्य सहज दिसते. फरक एकाच ठिकाणी आहे आणि तो निर्णायक आहे. अभियंत्याजवळ तुलनेसाठी जुने यंत्र असते, त्यातील प्रत्येक नोंद यंत्राला वाचता येते, आणि दोन्हीकडची बेरीज जुळली की काम संपते. शहापूर-मुरबाडच्या जमिनीबाबत जुळवावयाच्या साठ्याचा एक भाग मोडीत आहे, एक भाग ए.कु.मॅ. सारख्या आद्याक्षरांत आहे आणि एक भाग म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर आहे. इगतपुरी-आमणे या टप्प्याने शहापूर तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पांसाठी जमीन घेताना मोबदल्याचा धनादेश उताऱ्यावरील नावाने निघतो, आणि नाव गळालेल्या भावाला कोर्टाची पायरी चढावी लागते. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतील मजकूर, उलट सिद्ध होईपर्यंत, खरा मानला जातो. म्हणजे स्थलांतरात झालेली चूकही, कोणी हरकत घेत नाही तोवर, कायद्याच्या दृष्टीने सत्य ठरते.

म्हणून या दोन तालुक्यांत ज्यांची जमीन आहे त्यांनी संगणकीय उताऱ्यावर समाधान न मानता तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुन्या हस्तलिखित सातबाराच्या आणि त्यावर उल्लेखिलेल्या प्रत्येक फेरफाराच्या नकला मागाव्यात, त्या आजच्या उताऱ्याशी ओळ न ओळ ताडाव्यात, इतर हक्काचा रकाना विशेष काळजीने पाहावा, आणि तफावत दिसल्यास कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज घरातली जाणती माणसे साक्षीला असेपर्यंतच करावा.